दोऱ्याऐवजी बीजाणूंचा ठसा
जमिनीखालचं, झाडांच्या मुळांशी जोडलेलं बुरशीचं जाळं चित्रात दाखवायला कॅनव्हासवर पांढरा दोरा शिवला की झालं, असं सुचवलं जातं. मला ते अपुरं वाटतं. दोऱ्यात बुरशीची नक्कल येते, बुरशी येत नाही. पावसाळ्यात ताज्या अळंबीचा देठ कापून छत्री पात्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा आणि रात्रभर वाडग्याखाली झाका. सकाळी गळलेल्या बीजाणूंमधून खालच्या पात्यांची रेघन्‌रेघ उमटलेली असते! बीजाणू पांढरे असतील तर काळा कागद हवा. फिक्सेटिव्ह (पूड कागदावर धरून ठेवणारा द्रव) लांबूनच फवारा, जवळून बीजाणूंची पूड उडते.

वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, मला तोच सर्वांत आवडतो. पण तिचं जाळं झाडांच्या मुळांशी नसतं, वारुळात वाळवीनं जोपासलेलं असतं. तेव्हा चित्रात तिच्याखाली मुळं नकोत, वारूळ हवं.