हाफ ट्रायथलॉन तेराव्या किलोमीटरला सोडली. पुढची तयारी कशी करू?

दूरचा_किनारा

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं मन मोकळंही करायचं आहे.

दोन आठवड्यांपूर्वी माझी पहिली हाफ होती. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. वय ४१, पूर्णवेळ नोकरी, त्यामुळे आठ महिने सगळा सराव पहाटेचा. याआधी दोन स्प्रिंट आणि एक ऑलिम्पिक अंतराची (दोन्ही हाफपेक्षा छोटे प्रकार) पूर्ण केली आहे.

पोहणं ४९ मिनिटांत झालं, ठरवलं होतं त्यापेक्षा तीन मिनिटं लवकर. सायकलवर पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास खडबडीत रस्त्यावर मागच्या केजमधली (बाटली अडकवायच्या साच्यातली) बाटली उडाली. माझं जवळजवळ सगळं कार्ब (ऊर्जेसाठीची साखर) त्या एका बाटलीत घट्ट कालवून ठेवलं होतं. मागून सायकली येत होत्या, वळून आणायची सोय नव्हती. मग प्रत्येक एड स्टेशनवर साधं पाणी घेत राहिले. ऊन चढत होतं आणि ‘तहान लागायच्या आधीच प्या’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. सत्तराव्या किलोमीटरला पायातलं बळच गेल्यासारखं झालं, तेव्हा खिशातली तिन्ही जेल (दाट गोड पाकाची पाकिटं) अर्ध्या तासात संपवली. सायकलला ३ तास ४२ मिनिटं लागली.

धावण्याचे पहिले पाच किमी बरे गेले. मग पोटात डचमळायला लागलं. आठव्या किलोमीटरला पहिली उलटी, अकराव्याला दुसरी. डोकं जड झालेलं. घड्याळाचा पट्टा मनगटात इतका रुतायला लागला की तो दोन भोकं सैल केला. तेराव्या किलोमीटरच्या फलकापाशी बसले आणि मार्शलना सांगितलं, मी थांबते. त्यांनी खाली वाकून माझ्या घोट्यावरची टायमिंग चिप काढली. वेल्क्रो सुटल्याचा तो आवाज अजून कानात आहे. पट्ट्याखालची कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि बाकीचा पाय उन्हाने लाल.

मला आतून खातेय ती गोष्ट अशी: तेव्हा ६ तास २५ मिनिटं झाली होती. कटऑफ साडेआठ तासांचा. उरले होते आठ किमी, हातात दोन तास. चालत गेले असते तरी कदाचित पोचले असते.

माझ्या मते दोन गोष्टी नडल्या. पाणी कमी पडलं आणि लांब धावण्याचा सराव कमी पडला. अकरा आठवड्यांनी दुसरी हाफ आहे, तिची नोंदणी चालू आहे. करू का? आणि ऑफिसात, घरी सगळे विचारतात, ‘झाली का पूर्ण?’ त्यांना काय सांगायचं, तेही मला अजून सुचत नाही.

निळीलाट

आधी मनापासून शाबासकी. १.९ किमी पोहून, ९० किमी सायकल मारून वर तेरा किमी धावलात. हे सगळं तुमचं आहे, निकालाच्या यादीत नावापुढे डीएनएफ (शर्यत पूर्ण केली नाही) लिहिलं म्हणून ते पुसलं जात नाही.

नोंदणी मात्र आत्ता करू नका. माझी पहिली मोठी शर्यत पोहण्यातच संपली होती. सुरुवातीच्या गर्दीत छाती आवळून आली, श्वास घेता येईना, कयाकला धरून राहिले आणि शेवटी बोटीतून परत आले. त्याच संध्याकाळी पुढच्या शर्यतीचे पैसे भरले. कारण न शोधता भरले, त्यामुळे पुढच्या वेळी त्याच पाण्यात तीच भीती घेऊन उभी राहिले. गर्दीत पोहण्याचा सराव कधी केलाच नव्हता, आणि कयाकला धरून दम खायला नियमात परवानगी असते, फक्त पुढे सरकायचं नसतं, हे मनात मुरलेलं नव्हतं. धरलं म्हणजे संपलं, असं वाटून मी स्वतःच हात वर केला होता.

म्हणून सांगते, या आठवड्यात वही घ्या आणि आठवेल तसं तासातासाचं लिहून काढा. काय प्यालात, काय खाल्लंत, केव्हा काय वाटलं. महिनाभराने आठवण स्वतःच्या सोयीची होते.

चक्रधर७

निळीलाट ताईंशी अर्धाच सहमत आहे. वही जरूर लिहा, पण शर्यतीपासून फार दिवस लांब राहू नका. सहा-आठ आठवड्यांत एखादी स्प्रिंट करा, ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. फिनिश लाइन पुन्हा ओलांडण्याची सवय शरीराला नाही, मनाला लागते.

धावण्याचा सराव कमी पडला, हे मला पटत नाही. पायच कमी पडले असते तर गोळे आले असते, वेग हळूहळू घसरला असता. तुमचं आधी पोट गेलंय, आणि त्याची सुरुवात सायकलवर झाली आहे. जोरात श्रम चालू असताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. त्यात जवळपास दोन तास काही नाही आणि मग एकदम तीन जेल, म्हणजे पोटाने झेलायचं तरी किती?

दोन गोष्टी सांगाल का? साधं पाणी एकूण किती प्यालात? आणि शर्यतीआधीचं, नंतरचं वजन आहे का?

दूरचा_किनारा

वहीत लिहून काढलं, तेव्हा मलाच धक्का बसला. सायकलवर ६०० मिलीच्या सात बाटल्या. म्हणजे चार लिटरच्या वर. धावताना प्रत्येक स्टेशनवर दोन-दोन कप, ते वेगळेच. मीठ जवळजवळ नाहीच, कारण तेही त्या उडालेल्या बाटलीतच होतं.

सकाळी घरच्या काट्यावर ५८.२ होते. नंतर मेडिकल टेंटमध्ये घेतलेलं वजन ५९.१, तेही ओले कपडे बदलून. काटा वेगळा असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

शांतसंध्या

ताई, सोडून देऊ नका. तुमच्या सगळ्या हकिकतीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे.

मी गेली काही वर्षं शर्यतींच्या मेडिकल टेंटमध्ये स्वयंसेवक परिचारिका म्हणून उभी राहते. काट्याकाट्यात फरक असतो हे खरं. पण सहा तास उन्हात घाम गाळून, दोन उलट्या होऊन वजन घटायला हवं होतं. ते घटलं नाही, उलट थोडं वाढलेलंच दिसतंय. त्यात मळमळ, जड डोकं आणि रुतणारा पट्टा. नुसती बोटं सुजणं लांब अंतरात इतर कारणांनीही होतं, पण या चारही गोष्टी एकत्र आल्या की पहिली शंका येते ती पाणी जास्त झाल्याची. घामातून मीठ जातं आणि जागा भरायला नुसतं पाणी येतं. शिवाय इतक्या ताणात मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकायला कुचराई करतात. रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. १३५ च्या (मिलिमोल प्रति लिटर) खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. रक्त तपासलेलं नसल्यामुळे तुम्हाला तेच झालं होतं, असं मी ठामपणे म्हणणार नाही.

हे दुर्मीळही नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं. सगळ्यात ठळक खूण कोणती निघाली? धावताना वाढलेलं वजन.

आता मी हे इतकं सविस्तर का लिहिते आहे ते सांगते. तुमचा निष्कर्ष होता, पाणी कमी पडलं. म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही आणखी प्यायला असतात. या विचारानेच माझ्या पोटात गोळा आला. मेंदूला सूज येऊन माणसं यात दगावली आहेत. वागण्यात गोंधळ, बोलणं अडखळणं, झटके, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही न थांबता डॉक्टर.

आणि ‘चालत गेले असते तर’ याबद्दल. त्या दोन तासांत तुम्ही आणखी दहा-बारा कप पाणी प्यायला असतात, कारण तुम्हाला वाटत होतं की तेच कमी आहे. तुम्ही बसलात ते योग्य ठिकाणी बसलात. मार्शलना सांगून, चिप देऊन थांबलात हेही फार चांगलं केलंत. न सांगता घरी निघून जाणाऱ्यांना शोधण्यात आमची संध्याकाळ जाते.

निळीलाट

शांतसंध्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. माझ्या मनात हे आलंच नव्हतं.

या खेळात सरपटत रेषा गाठणाऱ्यांची चित्रं आपल्या मनावर फार कोरलेली आहेत. १९८२ मध्ये हवाईच्या आयर्नमन ट्रायथलॉनमध्ये ज्यूली मॉस शेवटच्या काही मीटरांत कोसळली, सरपटत आली आणि दुसरी ठरली. ते पाहून हजारो लोक या खेळात आले. मला मात्र पॉला न्यूबी-फ्रेझर जास्त जवळची वाटते. तीच शर्यत सात वेळा जिंकलेली बाई, १९९५ ला आघाडीवर असताना घाईत एड स्टेशनं सोडत गेली आणि रेषा नजरेच्या टप्प्यात असताना रस्त्यावर बसली. बराच वेळ तिथेच होती. मग उठून चालत चौथी आली, आणि १९९६ ला पुन्हा जिंकली. तिला कमी पडलं, तुम्हाला जास्त झालं. बसावं दोघींनाही लागलं.

चक्रधर७

मग तयारीचं सांगतो, कारण आता रोग कळल्यासारखा आहे.

घामाचं माप काढा. तासभर सायकल, शर्यतीच्या वेळेच्या उन्हात, शर्यतीच्या जोराने. आधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांविना वजन. जेवढं घटलं त्यात मधे प्यालेलं मिळवायचं. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा करा. जो आकडा येईल तो प्यायचं उद्दिष्ट नाही, ती वरची मर्यादा आहे. तिच्या आत राहून तहानेप्रमाणे प्यायचं.

कार्ब ताशी ६० ग्रॅमपासून धरा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं मिश्रण चाललं तर ९० पर्यंत जाता येतं, पण आतड्यालाही सराव लागतो, दर आठवड्याच्या लांब राइडला तेच प्यायचं. आणि सगळं एका बाटलीत कधीही नाही! अर्धं फ्रेमवरच्या बाटलीत, अर्धं जेलमध्ये, दर वीस मिनिटांनी थोडं. बाटली उडाली तरी अर्धा डबा शिल्लक राहतो. सीटमागच्या केजमधून बाटल्या फार उडतात. तिथे ठेवायचीच असेल तर घट्ट पकडीची केज आणि त्यात सुटं सामान, पोटाचं नाही.

अकरा आठवड्यांची हाफ मीही टाळायला सांगेन. त्याआधीची स्प्रिंट करा.

शांतसंध्या

स्प्रिंटला माझीही हरकत नाही. त्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. सोडियम आता तुमचं जागेवर आलेलं असणार, पण मूत्रपिंडं तपासून घ्या, आणि लांब अंतराला वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पाणी शरीरात आणखी अडून राहतं.

दूरचा_किनारा

घेतली होती. सायकलवरून उतरल्यावर, गुडघ्यासाठी, एक. ती वहीतसुद्धा लिहायची राहिली होती. आज लिहिली. डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली आहे.

आज सकाळी घामाचं पहिलं माप घेतलं. आधी ५८.० होते, नंतर ५७.७, मधे ४०० मिली प्याले. म्हणजे ताशी ७०० मिली. आणि त्या दिवशी मी ताशी लिटरभराहून जास्त पीत होते. काट्यावरून उतरून तशीच फरशीवर बसून राहिले. आठ महिने पायांवर मेहनत केली, आणि हा एक तास कधी काढला नाही.

हाफची नोंदणी केली नाही. आठ आठवड्यांनी स्प्रिंट आहे, तिची डॉक्टरांना भेटून आल्यावर करेन. काल ऑफिसात पुन्हा एकाने विचारलं, तेव्हा सांगितलं, ‘नाही, तेराव्या किलोमीटरला थांबले, पाणी जास्त झालं होतं.’ तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, पाणीसुद्धा जास्त होतं का? मग पंधरा मिनिटं त्याला तेच समजावत होते.

चक्रधर दादा, एक राहिलं. तीन मापांपैकी एक ढगाळ दिवशी घेतलं तर चालेल का, की तिन्ही उन्हातलीच हवीत?

चक्रधर७

दोन उन्हातली, एक ढगाळ. दोन्ही आकडे वहीत वेगळे ठेवा, शर्यतीच्या सकाळी आभाळाकडे बघून ठरवायचं. आणि हो, वाऱ्याचा अंदाजही शेजारी लिहा, सायकलवर त्याने बराच फरक पडतो.