विषय: ट्रेलरचा डावाच टायर पुन्हा फुटला

प्रेषक: ताई (चोपडा, सध्या डॅलस)
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

मेमोरियल डेच्या सुट्टीत कॅम्पिंगला निघालो होतो. आय-35 ने ओक्लाहोमात शिरलो आणि थोड्याच वेळात मागून धाडकन आवाज आला. ट्रेलरचा डावा टायर गेला. फेंडरचा पत्रा फाटला, आतल्या दिव्यांच्या वायरी तुटल्या. कशीबशी स्टेपनी लावून परत आलो. मागच्या उन्हाळ्यातही डावाच गेला होता, त्यामुळे हा फुटलेला टायर जेमतेम वर्षाचा. उजवा ट्रेलरसोबत आलेला, तो अजून ठणठणीत.

टायरवाला म्हणतो खिळा लागला असेल. आमचे हे म्हणतात नशीब. मला दोन्ही पटत नाही.

ट्रेलर दोनच चाकांचा, एका अ‍ॅक्सलचा आहे. अ‍ॅक्सलच्या पट्टीवर 3,500 पौंड लिहिलंय. टायर एसटी (म्हणजे खास ट्रेलरचा) 205/75 आर 15, लोड रेंज (वजन उचलायचा वर्ग) सी. हवा 50 पीएसआय होती, निघायच्या सकाळी मीच मोजली. फोटो जोडलाय.

नाना, तुम्ही फैजपूरला आहात हे माहीत आहे, पण यादी तुम्ही तिकडूनही वाचता हेही माहीत आहे. इथे असताना इतकी वर्षं ट्रेलर ओढलात, तेव्हा बोला.

ताई

---

प्रेषक: आप्पा (धुळे, सध्या ओहायो)

ताई,

यात विचार काय करायचा? स्वस्तातले आयात केलेले टायर काढून टाक. इकडचे ट्रेलरवाले त्यांना बाँबच म्हणतात. गुडइयरचा एन्ड्युरन्स 2017 पासून मिळतो, अमेरिकेतच बनतो. तो बसव आणि विसर.

आणि एवढ्या उन्हात 50 हवा कशाला? तापली की हवा फुगते. 40 ठेव, ट्रेलरही आदळणार नाही.

आप्पा

---

प्रेषक: नाना (फैजपूर)

ताई, आप्पा, सगळ्यांना रामराम.

इकडे पारा चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. म्हणून सकाळी सकाळीच तुझा फोटो घेऊन नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आमच्या दारावरूनच जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल आणि पुढे तुमचा चोपडा, या सगळ्या पट्ट्यातली केळी याच रस्त्याला लागतात. त्यामुळे त्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या ट्रॉल्यांची गणती नाही. त्याला एसटी म्हटलं की लाल बसच आठवते, लोड रेंज हा शब्द त्याने ऐकलेला नाही. पण त्याने फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, आतून कसा आहे?

हा प्रश्न तुझ्या टायरवाल्याने विचारायला हवा होता.

कमी हवेवर धावलेला टायर आतून ओळखू येतो. बाजूची भिंत रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिरडली जाते, आतलं रबर खरवडून निघतं. टायर उलटा केला की काळी भुकटी मुठीने सांडते. बाहेरून भिंतीवर गोल कापल्यासारखी रेघ दिसते. खिळा लागून हवा हळूहळू गेली असेल तर हेच दिसायला हवं. तुझ्या फोटोत भिंती धड आहेत. वरचा पट्टा मात्र सोलून निघालाय आणि खालच्या तारा उघड्या पडल्यात. पट्टा असा निघतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. आत तारांचा थर आणि रबर एकमेकांपासून सुटत जातात, वरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी वेगात असताना सगळा पट्टा उडतो. फेंडर फाडणारा तोच. तरीही फुटलेला टायर टाकला नसशील तर आत हात घालून पाहा. भुकटी आहे का ते कळव.

मग त्याचा दुसरा प्रश्न आला, "वझं कोन्या बाजूले जास्ती हाये?"

आता आप्पा, तुझ्याकडे येतो. ब्रँडबद्दल भांडत नाही. एन्ड्युरन्स चांगलाच आहे. पण कंपनी कोणतीही असो, डावा जातो आणि उजवा जात नाही याचं उत्तर ब्रँड देत नाही. मागच्या वर्षी दोन्ही बाजूंना सारखेच टायर होते ना? एकाच गावच्या दोन भावांपैकी एकच सारखा आजारी पडत असेल तर गावचं पाणी वाईट म्हणून कसं चालेल?

आणि 40 हवेचं तर अजिबात ऐकू नकोस, ताई. या मापाचा सी रेंजचा टायर 50 पीएसआयवर 1,820 पौंड उचलतो, आपल्या हिशेबाने सव्वाआठशे किलो. हवा 40 वर आणली की तोच टायर 1,610 चा राहतो. मोटारीला मऊ बसायला हवं म्हणून आपण हवा थोडी कमी ठेवतो, ती सवय ट्रेलरला लावायची नाही. त्यात कोण बसलंय? ट्रेलरच्या टायरला भिंतीवर लिहिलेली पूर्ण हवा, तीही थंड असताना, सकाळी, ऊन लागायच्या आत. दर 10 फॅरनहाइटला साधारण 1 पीएसआय वाढतो, तो टायर बनवणाऱ्याने धरलेला असतो. वाटेत पेट्रोलपंपावर मोजून 58 दिसले म्हणून हवा सोडणारे मी पाहिलेत. संध्याकाळी टायर गार झाला की तो कमी हवेवर उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशी तसाच धावतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. टायर फुगून नाही, दबून तापतो.

आता हिशेब कर. 1,820 चे दोन टायर म्हणजे 3,640. अ‍ॅक्सल 3,500 चा. ट्रेलर विकणाऱ्याने तुला जेमतेम 140 पौंडांची सूट ठेवलीय, चार टक्के. कायद्याला तेवढी पुरते. पण हा हिशेब दोन्ही चाकांवर वजन सारखं आहे असं धरून केलेला आहे, आणि सारखं ते कधीच नसतं. तुमच्या ट्रेलरमध्ये ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी कोणत्या बाजूला आहे? दार उजवीकडे असतं, म्हणून जड सामान बहुधा डावीकडे जातं. मला संशय तिथे आहे.

आमच्याकडे ट्रॉली धर्मकाट्यावर चढते तेव्हा एकूण वजनच पाहतात, कारण पैसे एकूण वजनाचे. टायरला एकूण वजनाशी देणंघेणं नसतं. त्याला त्याच्या बाजूचं तेवढं कळतं. ट्रक स्टॉपवरचा काटा तुला अ‍ॅक्सलचं वजन देईल, चाकाचं नाही. त्यापेक्षा भंगारवाल्याकडचा किंवा धान्य गोदामाचा काटा बघ, जिथे पाट जमिनीच्या पातळीत असतो. आधी दोन्ही चाकं पाटावर, मग एकच चाक पाटावर आणि दुसरं बाहेर, पण ट्रेलर वाकडा होता कामा नये. सहलीला निघताना असतं तेवढं सगळं भरून जा. पाणीसुद्धा. रिकामा ट्रेलर तोलून उपयोग नाही.

अजून एक. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. बाहेरच्या बाजूला आकडे नसतील तर खाली वाकून आतल्या बाजूला पाहा. ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच मरतो. तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. वर्षातले दहा महिने एकाच जागी उन्हात, नक्षी नव्यासारखी, आत रबर वाळलेलं. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी पाहून ठेवू नये.

वेगाचंही बोलून टाकतो, कारण टेक्सासवाल्यांना ते आवडत नाही. भिंतीवर वेगाचं अक्षर नसेल तर जुन्या एसटी टायरला 65 मैल हीच मर्यादा धरतात. एल असेल तर 75, एम 81, एन 87. पाटी 75 ची असली तरी ती तुझ्या टायरला विचारून लावलेली नाही.

नाना

---

प्रेषक: वहिनी (जामनेर, सध्या न्यू जर्सी)

नानांच्या पुढे तांत्रिक बोलणार नाही. फक्त रस्त्यावरचं सांगते, कारण पिकअप आमच्याकडे मीच चालवते.

टायर फुटला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. स्टिअरिंग सरळ, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलर डोलायला लागला तर डॅशबोर्डखालच्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरची कांडी हाताने हलकेच दाबायची, म्हणजे एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणून सरळ होतो. रिमवर चालवावं लागलं तरी चालेल, पण जागा सपाट आणि रुंद बघूनच थांबा. डाव्या टायरला गाड्यांच्या बाजूला वाकून काम करावं लागतं. रस्त्याकडेला पोलिसांचे, अँब्युलन्सचे दिवे दिसले की लेन सोडा असा कायदा पन्नासही राज्यांत आहे, पण बंद पडलेल्या साध्या गाडीला तो सगळीकडे लागू नाही, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे असं समजून वाकू नका.

ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही. दुसऱ्या चाकाला पुढे-मागे अडण लावा. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीला लावू नका, ती वाकते. चाकाजवळ फ्रेमखाली लावा. आणि निघण्याआधी घरीच एकदा पाहून घ्या, पिकअपचा पान्हा ट्रेलरच्या नटाला बसतो का. आमचा बसत नव्हता. रस्त्यावरची मदत देणाऱ्या सभासदत्वातही ट्रेलर धरलेला असेलच असं नाही. कागद वाचा.

वहिनी

---

प्रेषक: ताई

मंडळी,

फुटलेला टायर गॅरेजमध्येच होता. हात घालून पाहिला. भुकटी अजिबात नाही, आतून गुळगुळीत. मग शनिवारी सगळं सामान भरून भंगारवाल्याच्या काट्यावर गेलो. माणूस चांगला निघाला, चाक मागे-पुढे करायला स्वतः उभा राहिला.

अ‍ॅक्सलवर 3,380. नवरा लगेच म्हणाला, बघ, 3,500 च्या आतच आहे. मग डावं चाक एकटं: 1,930. उजवं: 1,450.

म्हणजे डावा टायर 1,820 चा आणि त्याच्यावर 1,930! नाना, तुमच्या नाक्यावरच्या दादांना माझा नमस्कार सांगा. ओटा, फ्रिज, टाकी सगळं डावीकडेच आहे. टाकी 30 गॅलनची. शिवाय डाव्या बाजूच्या कपाटात ह्यांचा जनरेटर, बिडाचे दोन तवे आणि आईने चोपड्याहून पाठवलेला दगडी खलबत्ता. तो का नेतो असं विचारू नका. काळा मसाला मिक्सरचा लागत नाही.

आता डी रेंजचे टायर घेतले तर? टायरवाला म्हणतो, त्याच मापात 65 पीएसआयवर 2,150 पौंड उचलतात. मग काही हलवायला नको ना?

तारखाही पाहिल्या. उजव्या टायरवर 2218. जी स्टेपनी आता डावीकडे आहे तिच्यावर 2118.

ताई

---

प्रेषक: आप्पा

1,930! बरं, माघार घेतो. पण एन्ड्युरन्सच घे.

---

प्रेषक: नाना (फैजपूर)

ताई,

डी रेंज जरूर घे. दोन टायर मिळून 4,300 होतील, तेवढी मोकळीक टायरला हवीच. पण घेण्याआधी रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला आकडा पाहा. रिमलाही स्वतःची वजनाची आणि हवेची मर्यादा असते. साधे रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतचेच असतात, म्हणजे अगदी काठावर. धातूचे बसवून घे, खर्च किरकोळ आहे.

सामान मात्र हलवावंच लागेल. टायर 2,150 चा झाला तरी अ‍ॅक्सल 3,500 चाच राहतो. एका बाजूच्या वाट्याला 1,750. तुझ्या डाव्या बाजूचं बेअरिंग आणि स्प्रिंग आजही 180 पौंड जास्त सोसतायत. टायर वाचेल आणि पुढच्या खेपेला चाकच हबसकट बाहेर येईल. डावं बेअरिंग खोलून ग्रीस काळं पडलंय का तेही पाहून घे. आणि टायर आतल्या कडेला जास्त झिजलेला दिसला तर अ‍ॅक्सल वाकलाय का ते तपासून घ्यावं लागेल.

पाण्यापासून सुरुवात कर. गॅलनला 8.34 पौंड, 30 गॅलनचे 250. कॅम्पग्राउंडवर नळ असतो, डॅलसचं पाणी ओक्लाहोमाला कशाला न्यायचं? जनरेटर पिकअपच्या मागे टाक. खलबत्ता राहू दे, पण उजवीकडच्या कपाटात. मग पुन्हा काट्यावर जा.

दोन्ही जुने टायर काढ. 2018 चे आहेत, आणि स्टेपनी तर मागे उन्हातच लटकत होती. तीन घे, दोन नकोत. स्टेपनीही डीच हवी. नट टॉर्क पान्ह्याने आवळ, किती ते ट्रेलरच्या पुस्तकात दिलेलं असतं. नवीन चाक बसवल्यावर 10, 25 आणि 50 मैलांवर थांबून पुन्हा आवळ. दुकानाने मशिनने आवळून दिले असले तरी आवळ.

नाना

---

प्रेषक: ताई

पाणी काढलं, जनरेटर हलवला. डावं 1,670, उजवं 1,410. डीचे तीन टायर सोमवारी येतायत. रिमवर 2,150 कोरलेलं आहे, हवा 65. व्हॉल्व्ह धातूचे सांगितलेत.

खलबत्ता उजवीकडे.