मदत हवी आहे: गर्डरला हिशेबापेक्षा जास्त बाक (मध्यावर खाली झुकणं)

नमस्कार मंडळी. गावच्या घरात पोटमाळ्यासाठी आयएसएमबी १५० चे (१५० मिमी उंचीचे, इंग्रजी आय आकाराचे पोलादी) गर्डर टाकलेत. गाळा (दोन भिंतींमधलं अंतर) ४ मीटर, टोकं नऊ इंची भिंतीत नुसती टेकलेली. फरशी, सामान, माणसं असं सगळं धरून एका गर्डरवर मीटरला ५ किलोन्यूटन.

डिप्लोमा होऊन जमाना झाला, तरी वही काढली. मध्यावर बेंडिंग मोमेंट (वजनाने वाकवणारा जोर) १० किलोन्यूटन-मीटर, सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला तोंड देणारं आकाराचं माप) ९६.९ घन सेमी, म्हणजे ताण १०३ मेगापास्कल. जुन्या पद्धतीत चालणाऱ्या १६५ मेगापास्कलच्या बराच आत. बाक मात्र साडेअकरा मिमी निघतो. ताकदीला पास, कडकपणाला काठावर!

खरी गंमत पुढे. परवा खालच्या फ्लँजला (गर्डरच्या आडव्या पट्टीला) टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली, तर मध्यावर १८ मिमी! आणि अजून फक्त शहाबादी फरशीच पडलीय, सामान चढायचंय. गर्डर भंगारातून घेतलेले, टाकण्याआधी सरळ आहेत का ते पाहिलं नाही. चूक माझीच.

आता जुना बाक किती नि वजनाचा किती, हे फरशी न उचलता कळेल का? आयएस ८०० (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) मधली बाकाची गाळा भागिले ३०० ची मर्यादा (इथे १३.३ मिमी) फक्त चल भारासाठी (माणसं, सामान) धरायची ना? फॅब्रिकेटर म्हणतो खालून पट्टी वेल्ड करू. पण आधी जॅकने उचलल्याशिवाय आत्ताचा बाक कसा जाईल? मध्ये खांब दिला तर प्रश्नच मिटतो, पण खाली आईचं स्वयंपाकघर आहे, ती ऐकणार नाही.