अण्णांच्या इसबाला अ‍ॅझाथायोप्रिन दिलंय, सुरू करावं का?

जिंतूरकर:
आमचे अण्णा ६२ वर्षांचे. पाऊस लागला की तोंड, मान, कोपराच्या आतली बाजू लालभडक. रात्रभर खाजवत बसतात. पापण्या जाड झाल्यात, शर्टाखालचं अंग मात्र साफ. मेडिकलवरून एक ट्यूब आणायचे, त्यात क्लोबेटासोल हे स्टेरॉइड आणि सोबत बुरशीचं औषध. लावली की आराम, सोडली की दुप्पट. आता परभणीच्या स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करून गाजर गवताची अ‍ॅलर्जी सांगितली. तोंडाला टॅक्रोलिमस मलम, हाताला मोमेटासोन मलम आणि पोटात अ‍ॅझाथायोप्रिन ५० ची गोळी. चुलते म्हणायलेत, ही गोळी किडनी बदललेल्यांना देतात, आपण कामून घ्यायची? पुडी तशीच ठेवलीय.

औषधवाला, लातूर:
चुलत्यांचं खरंय, पण अर्धंच. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आहे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून देतात, तसंच इथं गवतावर चवताळलेली कातडी शांत करायला. सुरू करण्याआधी आणि नंतरही रक्त तपासत राहावं लागतं, पांढऱ्या पेशी आणि लिव्हर. क्लोबेटासोल स्टेरॉइडच्या सगळ्यात जोरकस गटातलं, ते तोंडाला नकोच, कातडी पातळ होते. आणि चिठ्ठीशिवाय ते कुणी विकायलाच नको, आमच्या धंद्यातल्यांनीच हा घोळ घातलाय. एक सांगा, अण्णांना वातरक्ताची, म्हणजे युरिक अ‍ॅसिडची गोळी चालू आहे का?

गेवराईची सून:
माझ्या सासऱ्यांना हीच गोळी होती. दादा, लगेच फरक पडत नाही बरं का, महिना-दीड महिना धीर धरावा लागतो. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस तोंड चरचरतं, घाबरून सोडू नका. मलम बोटाच्या शेवटच्या पेराएवढं घ्या, ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आमच्याकडं आधी भाकरीला तूप लावल्यासारखं थापायचे! धुऱ्यावरचं गवत फुलोऱ्याआधी दुसऱ्या कुणाकडून उपटून घ्या. वाळलेल्याचा भुगाही तितकाच बाधतो, मळणीला तर अण्णांना उभंच करू नका. ताप आला किंवा घसा धरला तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जिंतूरकर:
युरिक अ‍ॅसिडची आहे की हो! पाकिटावर फेबुक्सोस्टॅट लिहिलंय. स्किनच्या डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं, अण्णा म्हणाले त्यांनी कातडीचंच विचारलं.

औषधवाला, लातूर:
मग पुडी उघडू नका. फेबुक्सोस्टॅट काय, अ‍ॅलोप्युरिनॉल काय, दोन्हींमुळे अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात साचतं आणि रक्तपेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. वातरक्ताची गोळीही मनाने बंद करू नका. आत्ताच फोन करा.

जिंतूरकर:
फोन लागला. आधी लिव्हर-किडनीचा रिपोर्ट मागितलाय, तो ठीक आला तर मेथोट्रेक्सेट देणार. आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही, असं दोनदा बजावलं. अण्णांनी मंगळवार ठरवूनही टाकला. ही गोळी कॅन्सरलाही देतात, हे चुलत्यांना अजून सांगितलं नाही.