पावसाळ्यात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. काढून टाकावा का?

कृष्णाकाठ:
सांगलीत गावभागात आमचे जुने घर आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आले, तेव्हा वायरिंगची दुरुस्ती वरवरचीच झाली. गेल्या हिवाळ्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. उन्हाळाभर तो शांत होता. मृग लागल्यापासून मात्र पाण्याची मोटर सुरू केली की हमखास पडतो, एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) मात्र पडत नाही. वायरमन म्हणतात, एमसीबी टिकतो म्हणजे लोड बरोबर आहे, तेव्हा आरसीसीबीच काढून टाकू. हे योग्य आहे का?

फ्यूजतार:
लोड बरोबर असेलही, पण काढू मुळीच नका. एमसीबी दोनच गोष्टी ओळखतो: बराच वेळ वाहणारा जादा प्रवाह, ज्याने त्याची द्विधातू पट्टी तापून वाकते, आणि शॉर्टसर्किटचा उसळलेला प्रवाह, जो त्याची कॉइल क्षणात तोडते. तीस-पन्नास मिलिअँपिअरची गळती त्याच्या हिशेबातच नसते, आणि माणसाच्या जिवाला तेवढी पुरते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो. फरक, म्हणजेच गळती, ३० च्या निम्म्याच्या म्हणजे १५ मिलिअँपिअरच्या पुढे गेली की तो केव्हाही पडू शकतो.

कृष्णाकाठ:
पण अर्थिंग आहे. मोटरच्या बॉडीत करंट उतरला तर एमसीबी पडणार नाही का?

फ्यूजतार:
पडेलच असे नाही. तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी १.४५ पट प्रवाहाला, म्हणजे २३.२ अँपिअरला, तासाभरात पडावा अशी अपेक्षा असते. म्हणजे तुमचा एमसीबी तासभर न पडताही निर्दोष ठरेल आणि तेवढा वेळ बॉडीत करंट राहील.

माहुलीकर, सातारा:
मेन स्विच बंद करून मोटरची केबल दोन्ही टोकांना सोडवा आणि जाणकाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) तपासून घ्या. रोध १ मेगओहमपेक्षा (दहा लाख ओहम) कमी आला तर दोष केबलमध्येच आहे. ती चांगली निघाली तर मोटरचे वाइंडिंग तपासा, आणि मोटरचा न्यूट्रल आरसीसीबीला वगळून भलत्याच न्यूट्रलला जोडलेला नाही ना, हेही पाहा. ही चूक जुन्या घरांत फार आढळते.

कृष्णाकाठ:
तपासले. फेज आणि अर्थ यांच्यात ०.०१ मेगओहम, म्हणजे सुमारे २३ मिलिअँपिअरची गळती. न्हाणीघराच्या फरशीखाली केबलचा एक सांधा निघाला. चिकटपट्टी उलगडली तर आत ओली माती आणि हिरवे पडलेले तांबे. सलग नवी केबल टाकली. काल दिवसभर पाऊस होता, मोटर दोनदा चालवली, आरसीसीबी पडला नाही. त्याचे टेस्ट बटण दाबले तेव्हा मात्र लगेच पडला.