ताप नसला तरी न्यूमोनिया असू शकतो
'ताप नाही, म्हणजे न्यूमोनिया नाही' असं काही जण म्हणतात. म्हातारपणी हे खरं धरू नका. माझ्या आजीला ताप नव्हताच. जेवण तुटलं, बोलणं असंबद्ध झालं, आणि आम्ही ते वयावर ढकललं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. न्यूमोनियात जंतुसंसर्गाने वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, पू-पाणी भरतं, रक्ताला प्राणवायू कमी पडतो.

लहान मुलाला न्यूमोनियाची शंका असेल, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पुढे 5 वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तडक रुग्णालय गाठा.