माजी सैनिकाचं डिस्चार्ज बुक तपासायचं कसं?

काटेवाला_मारेगाव:
आमची छोटी जिनिंग आहे, वणी-मारेगाव रस्त्याला. मी काटा अन् हिशेब बघतो, मालक नागपुरात. दिवाळीपासून कापूस यायला लागला की रात्रपाळीला भरवशाचा माणूस लागतो. मागच्या हंगामात एका एजन्सीनं 'फौजी' म्हणून दिलेला गडी नुसताच वर्दीवाला निघाला. वर्दी बाजारातली, मिशा तेवढ्या घरच्या. सरकीची पोती गेली तेव्हा कळलं.

आता शेजारच्या गावचा एकजण आला आहे, वय ३४. फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटमध्ये साडेनऊ वर्षं होतो म्हणतो. फौजेतून सुटताना मिळतं ते डिस्चार्ज बुक आणलं, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून. पण पेन्शनचा पीपीओ, म्हणजे मंजुरीचा आदेश नाही, कँटीन कार्ड नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्रही नाही. कॅरेक्टरपुढे, म्हणजे वागणुकीच्या शेऱ्यात, 'एक्झेम्प्लरी' (सर्वांत वरचा शेरा) नाही, 'गुड' आहे. सुटण्याचं कारण इंग्रजीत दोन ओळी, त्यातलं 'ॲट हिज ओन रिक्वेस्ट' एवढंच मला लागलं. मालक म्हणतात, पळून आलेला दिसतो. मला तसं वाटत नाही, पण मागच्या वेळीही वाटलं नव्हतं. खात्री कशी करू?

रिटायर_हवालदार_क्लार्क:
पळून गेलेल्याच्या कागदावर 'स्वतःच्या विनंतीवरून' असं कारण येत नाही, हे मालकांना आधी सांगा. मी २४ वर्षं हेच कागद हाताळले. त्या दोन ओळींत 'एक्स्ट्रीम कम्पॅशनेट ग्राउंड्स' आहे का बघा. म्हणजे घरची फार मोठी अडचण होती म्हणून मुदतीआधी अर्ज देऊन सुटला. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. त्याआधी स्वतःहून सुटला तर पेन्शन नाही, आणि सरकारी व्याख्येत त्याला 'माजी सैनिक'ही धरत नाहीत. म्हणून कार्ड नाही, कँटीन नाही. नोकरी मात्र खरी.

'गुड'चं म्हणाल तर रजेवरून उशिरा पोचला तरी रेड एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, बसू शकते, आणि ती कॅरेक्टरला नडते. घरी अडचण असलेल्या पोरांचं हे नेहमीचं. 'एक्झेम्प्लरी'वाले दोन बिलंदर मी स्वतः पाहिले आहेत.

गार्ड्सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीलाच आहे. जिनिंगच्या लेटरहेडवर पत्र लिहा: नंबर, रँक, नाव, भरतीची अन् डिस्चार्जची तारीख, सोबत बुकाची झेरॉक्स, खाली त्याची संमतीची सही. फोनवर कोणी सांगणार नाही, सांगूही नये. तोवर बुकात अंगावरच्या खुणा लिहिल्या असतील त्या जुळवून पाहा.

वावरातला_बाप्पा:
भाऊ, कागद पाहाच, पन त्याच्या गावात बी जाऊन या ना. आमच्या इकडं पोट्टा भरती झाला तं अख्ख्या गावाले मालूम रायते, कोनत्या साली गेला, कधी आला, कोनाच्या मयतीले सुट्टी भेटली नाई. पानटपरीवर अर्धा घंटा बसा. अन् बंदूक देऊन रायले का त्याले? तं लायसनवर त्याचं नाव पाह्यजे. फौजीत होता म्हनून चालत नाई.

काटेवाला_मारेगाव:
बंदूक नाही, काठी अन् बॅटरी. गावात जाऊन आलो. बाप गेला तेव्हा आई अंथरुणाला, बहीण लग्नाची, सहा एकर वावर पडीत. टपरीवाल्यानं न विचारता सांगितलं. बुकात क्लार्कसाहेब म्हणाले तेच शब्द निघाले. डाव्या भुवईवरचा व्रणही जुळला. मी टक लावून बघतोय हे पाहून त्यानं स्वतःच टोपी काढली.

मालक म्हणाले, पंधरा दिवस बघू. पहिल्याच पाळीत त्यानं गंजीजवळ बिडी ओढणाऱ्या मेटाडोरवाल्याला गेटाबाहेर काढलं. तो निघाला माझा मामेभाऊ. आता घरी ते ऐकून राहिलो.

कामठीचं पत्र मीच लिहिलं. सहीला दिलं तर वाचतच थांबला. म्हणाला, 'साहेब, नंबर अधुरा आहे.' शेवटचं इंग्रजी अक्षर मी शाईचा डाग समजून सोडलं होतं. माझाच पेन घेऊन त्यानं ते लिहिलं, मग सही केली.